नातवाच्या दातांची रोजकीर्द

"बाबा, वरच्या दातांवर हिरडीलगत पांढरी रेघ दिसतेय, खडूनं ओढल्यासारखी," असं सूनबाई म्हणाली तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो. नातू सव्वादोन वर्षांचा होता. मी वाचायचा चष्मा कपाळावर सरकवला, म्हणजे जवळचं दिसायचं बंदच केलं, आणि निकाल दिला: "साय चिकटली असेल. पुसून टाक."

३६ वर्षं मी दुसऱ्यांचे हिशेब तपासले. पावती न बघता शेरा कधी मारला नाही. घरात मात्र मारला, आणि सगळ्यांनी तो मान्य केला, कारण घरात मी सगळ्यात मोठा.

ती रेघ पुसली जाणार नव्हतीच. दातावरच्या चकचकीत थरातून, म्हणजे इनॅमलमधून, खनिजं निघून जायला लागली की तिथे अशी निस्तेज पांढरी पट्टी उमटते. दात किडण्याची डोळ्यांना दिसणारी ती पहिली खूण. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) त्या वेळी लक्ष दिलं तर ती पट्टी तिथल्या तिथे थांबवता येते, पुष्कळदा परतवताही येते. तोवर खड्डा पडलेला नसतो. हे मला कळलं तेव्हा नातू साडेतीन वर्षांचा होता, पट्टी तपकिरी झाली होती, पुढच्या दोन दातांच्या कडा झिजून करवतीसारख्या दिसत होत्या, आणि एका रात्री उजवा गाल धरून तो दोन तास रडला होता. दुखत होती मागची दाढ. तिच्याकडे तर कोणी बघितलंच नव्हतं.

दवाखान्यात आम्ही चौघं गेलो. मुलगा, सून, आमची ही आणि मी. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी नातवाला सूनबाईच्या मांडीवर बसवलं, मागे आपल्या गुडघ्यांवर त्याचं डोकं घेतलं, बोटानं वरचा ओठ उचलला आणि विचारलं, "रात्री झोपण्यापूर्वी शेवटचं काय घेतो?"

आम्ही तिघांनी एकाच वेळी सूनबाईकडे बघितलं. ती नजर मला आजही आठवते, कारण ती माझीही होती. पोराचे दात म्हणजे आईची जबाबदारी हे आम्ही कधी ठरवलं नव्हतं. पण आळ घ्यायची वेळ आली तेव्हा ते आधीच ठरलेलं निघालं. हिनं तर टोमणा मारलाच, "दीड वर्षापर्यंत अंगावर पाजत होती ना." डॉक्टरांनी ते तिथेच कापलं. पहिल्या वर्षात अंगावरचं दूध दातांना मारक नाही, उलट राखणारं आहे. त्यापुढे, दात आल्यावर, रात्रभर हवं तेव्हा पाजणं चालू राहिलं आणि दात पुसलेच गेले नाहीत तर प्रश्न येतो. "पण हे दात सांगतायत ते वेगळंच," त्या म्हणाल्या. "काका, घरात लिहायची सवय कोणाला आहे?"

अशी ती वही माझ्याकडे आली. तीन दिवस, त्यात एक सुट्टीचा. रकाने त्यांनी सांगितले: वेळ, काय दिलं, कोणी दिलं. चौथा, दात कोणी घासले. पाणी सोडून तोंडात जाईल ते सगळं लिहायचं, औषधसुद्धा. अट एकच होती, तीन दिवस कोणी शहाण्यासारखं वागायचं नाही. रोज चालतं तेच चालू द्यायचं.

रोजकीर्द लिहिणं हे माझं रक्तातलं काम. पहिल्या दिवसाचं पान जसंच्या तसं उतरवतो. सकाळी ६:४० ला साखर घातलेल्या दुधाची बाटली, आजी. ८:१५ नाश्ता, आई. ९:३० बिस्किट, एक, आबा. आबा म्हणजे मी. पावणेअकराला बालवर्गात खाऊ आणि रसाचा डबा. साडेबाराला जेवण, आजी. १:३० झोपण्यासाठी बाटली, आजी. चारला उठल्यावर पुन्हा गोड दूध, आजी. ४:४० बिस्किट, एक, आबा. साडेपाचला शेजारच्या काकूंनी चॉकलेट. पावणेसातला मुलगा कामावरून आला, त्यानं आणलेला रस. सव्वाआठला जेवण, आई. साडेनऊला खोकल्याचं औषध, बाबा, म्हणजे माझा मुलगा. ९:४० बाटली, आई. रात्री २:१० ला रडला, बाटली, आजी.

खाली रेघ मारून बेरीज केली. १४.

मग माणसागणिक खतावणी काढली. आजी ५, आई ३, बाबा २, आबा २, बालवर्ग १, शेजार १. मी हे पान जेवणाच्या टेबलावर ठेवलं तेव्हा कोणी काही बोललं नाही. प्रत्येकाला आपापली नोंद ठाऊक होती आणि ती अगदीच किरकोळ होती. एक बिस्किट. एक डबा. अर्धं चॉकलेट. मला विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की आमच्या नातवाला गोडाची फारशी सवय नाही. खोटंही नसतं ते. एकूण साखर तोलली तर फार निघालीच नसती.

दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी ते पान वाचलं आणि साखर किती हे विचारलंच नाही. त्या नोंदी मोजत गेल्या. मग त्यांनी एक वळणदार रेघ काढली, डोंगर उलटा केल्यासारखी. १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन नावाच्या अमेरिकन संशोधकानं हा आलेख मांडला. तोंडात साखर गेली की दातांवर साचणाऱ्या चिकट थरातले जंतू ती खातात आणि आम्ल सोडतात. काही मिनिटांतच आम्ल वाढत जातं आणि पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, घसरत जातो (आम्ल जितकं जास्त तितका तो कमी). तो साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं. मग लाळ हळूहळू ते आम्ल धुते, निष्प्रभ करते, आणि लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट दातात परत बसायला लागतं. या परतीला अर्धा तास लागतो, कधी तासभर. म्हणजे तोंडात दिवसभर नावे आणि जमा, झीज आणि भरपाई, चालूच असतं. जमा व्हायला वेळ मिळाला तर खातं सावरतं.

हे मला फोड करून सांगावं लागलं नाही. १४ नोंदी, प्रत्येकी किमान अर्धा तास, म्हणजे सात तास नावे. त्यात रात्रीच्या बाटलीचा हिशेब निराळा. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, गिळणंही थांबतं, त्यामुळे ते गोड दूध वरच्या दातांभोवती साचून राहतं आणि तो अर्धा तास किती लांबतो त्याला धरबंध नाही. पुढचे वरचे चार दात आधी का गेले आणि खालचे चार अजून मोत्यासारखे का, याचंही उत्तर तिथेच मिळालं. बाटली चोखताना जीभ खालच्या दातांवर पांघरुणासारखी पडते, आणि लाळेच्या मोठ्या ग्रंथींची तोंडं तिथेच जिभेखाली उघडतात. वरच्यांना यातलं काहीच नाही.

एकूण साखरेपेक्षा ती किती वेळा आणि किती चिकट रूपात येते याला जास्त महत्त्व, हे स्वीडनमधल्या व्हिपेहोम या संस्थेत १९४० च्या दशकात सुरू झालेल्या प्रयोगांतून ठळकपणे पुढे आलं. ती मतिमंद म्हटल्या गेलेल्या लोकांची संस्था होती. त्यांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला दिल्या, जेवणाच्या मध्ये, दिवसातून अनेकदा, आणि दात किडू दिले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. हे वाचून मी वही मिटली आणि बराच वेळ बसून राहिलो. आपल्याला फुकट मिळालेलं शहाणपण कोणाकोणाच्या तोंडातून आलंय.

खोकल्याच्या औषधाची नोंद मला स्वतःला धक्का देऊन गेली. मुलगा इमानेइतबारे रोज साडेनऊला ते द्यायचा. त्याच्या दहा मिनिटं आधी दात घासलेले असायचे. पाकातलं औषध, स्वच्छ दातांवर, झोपायच्या तोंडावर. औषध बंद करायचं नव्हतं, आधी द्यायचं होतं. किंवा साखर नसलेलं मागायचं होतं. इतकी वर्षं आपण दुकानात असं काही मागतात हेच माहीत नव्हतं.

चौथ्या रकान्यात, दात कोणी घासले या सदरात, मी तीन दिवस "स्वतः" असं लिहिलं होतं. सूनबाईला वाटायचं सकाळी आजी बघते. आजीला वाटायचं रात्री आई बघतेच, मग सकाळी खेळला ब्रशशी तर खेळू दे. आणि आम्हाला त्याचं कौतुकही होतं, "बघा, स्वतःचे स्वतः घासतो!" तो ब्रश चघळत होता. ज्याला बुटाची नाडी बांधता येत नाही त्याला मागची दाढ घासता येत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. सात-आठ वर्षांचा होईपर्यंत मोठ्या माणसानं घासून द्यायचे. पेस्टही आम्ही खास निवडून आणली होती, गिळली तरी चालेल अशी, म्हणजे फ्लोराइड नसलेली. काळजीपोटीच. पण जमेच्या बाजूला सगळ्यात मोठा हातभार फ्लोराइडचा. पहिला दात आल्यापासून फ्लोराइडची पेस्ट, तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. थुंकायचं, पण खळखळून चुळा भरायच्या नाहीत, म्हणजे ते दातांवर राहतं. चूळ भरू नये हे आमच्या घरात पचवायला सगळ्यात कठीण गेलं. हिचं अजून म्हणणं आहे की हे अस्वच्छ आहे.

आता जरा नाजूक भाग. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणाकोणाच्या दाताला कीड आहे?"

सूनबाईची एक दाढ बाळंतपणापासून ठणकत होती. तिला वेळ नव्हता, पोराचं आधी. मुलाच्या दोन दाढा पोखरलेल्या, पण लहानपणी एकदा चार जणांनी धरून त्याचा दात उपटला होता, तेव्हापासून दवाखान्याचा वास आला की त्याला घाम फुटतो. त्या चार जणांत एक मी होतो. हिचे अर्धे दात गेलेले. आणि मी ५८ व्या वर्षी पूर्ण कवळी बसवलेला, रात्री पेल्यात दात ठेवून बोळक्या तोंडानं गोष्ट सांगणारा आजोबा.

कीड हा शब्द फसवा आहे. लहानपणी मला खरंच वाटायचं की दातात अळी असते. जगभर लोक शतकानुशतकं हेच मानत आले, १७२८ मध्ये पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानं आपल्या ग्रंथात अळीची कल्पना नाकारली. खरा धनी दिसत नाही. जंतूंपैकी एक प्रमुख, स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स, क्लार्क नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९२४ मध्ये किडलेल्या दातांतून वेगळा केला. तो एकटाच दोषी नाही, तोंडात साखर आणि आम्ल वारंवार येत राहिलं की अशा आम्लात तगणाऱ्या जंतूंची सद्दी होते. पण बाळ हे जंतू जन्मतः घेऊन येत नाही. ते त्याला लाळेतून मिळतात, बहुतेकदा घरातूनच, आणि पुष्कळदा आईकडून, कारण तीच सर्वात जवळ असते. चमचा आपल्या जिभेला लावून गरम आहे का बघायचं, पडलेली चोखणी तोंडात घालून साफ करून परत द्यायची, घास अर्धा चावून भरवायचा. यातलं आम्ही काय केलं नाही?

मी लगेच फर्मान काढलं, पोराचे पापे घेणं बंद. डॉक्टर हसल्या. जंतू येणारच, घरातून नाही तर बाहेरून. पापे बंद करून कुठला दात वाचत नाही. स्वतःची तोंडं दुरुस्त करा, म्हणजे पोराकडे जाताना फौज लहान असेल. त्यांनी फिनलंडमधला एक अभ्यास सांगितला. ज्यांच्या लाळेत म्युटन्स भरपूर होते अशा आयांनी, बाळ तीन महिन्यांचं असल्यापासून दोन वर्षांचं होईपर्यंत, झायलिटॉल नावाचा, जंतूंना पचत नाही असा गोड पदार्थ घातलेलं च्युइंगगम चघळलं. बाळांना काहीच दिलं नव्हतं. तरी ती मुलं पाच वर्षांची झाली तेव्हा, ज्यांच्या आयांना फ्लोराइडचा लेप लावला होता त्यांच्या मुलांपेक्षा त्यांच्यात कीड सुमारे ७० टक्क्यांनी कमी निघाली. आईनं चघळायचं आणि पोराचे दात वाचायचे! सूनबाईनं त्याच आठवड्यात दाढेची वेळ घेतली. मुलगा महिनाभर टाळत राहिला. मग एके दिवशी नातवासमोर खुर्चीत बसला, दोन्ही हात खुर्चीला घट्ट धरून, तोंडावर हसू चिकटवून. नातू फसला नसावा. पण बाबा बसला हे त्यानं बघितलं.

माझ्या बहिणीला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, आपल्या घराण्यात दातच कच्चे. आपल्या वडिलांचे गेले, तुझे गेले." मीही आयुष्यभर हेच म्हणत आलो. इनॅमल काहींचं जन्मतः कमकुवत असतं, दातांची ठेवण आणि लाळ यांतही आनुवंशिक भाग असतो, हे खरं. पण वही लिहिल्यावर मला वडिलांचं वेगळंच आठवायला लागलं. त्यांच्या उशाशी गोड गोळ्यांची डबी असायची. रात्री जाग आली की एक तोंडात टाकायचे, आणि मी त्यांच्याजवळ झोपत असे, म्हणून एक मलाही. दात पन्नाशीत जायचेच, हे त्यांनी मला शिकवलं नाही, मी बघितलं. मग मुलाच्या दाढा पोखरल्या तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आणि नातवाच्या दातावर पांढरी रेघ आली तेव्हा मी म्हणालो, साय असेल. वर हेही म्हणालो होतो, लिहायचं राहिलंच: "दुधाचेच तर आहेत, पडणारच आहेत."

पडणार आहेत, पण कधी? पुढचे सहा-सातव्या वर्षी. मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत राहतात. म्हणजे जी दाढ साडेतीनव्या वर्षी ठणकत होती तिला अजून सात-आठ वर्षं चावायचं होतं आणि खालून येणाऱ्या दातासाठी जागा धरून ठेवायची होती. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास मागे जी नवी दाढ उगवते ती कोणताही दात न पाडता गुपचूप येते, म्हणून लोक तिला दुधाचीच समजतात. ती कायमची असते.

उपचारांचं थोडक्यात. दुखऱ्या दाढेची नस गेली होती. ती साफ करून वर स्टीलची टोपी बसवली. दुसऱ्या बाजूच्या दाढेची कीड उथळ होती, तिच्यावर न कोरता, सुई न देताच टोपी चढवली. ही पद्धत नॉर्ना हॉल या स्कॉटिश दंतवैद्य बाईंच्या नावानं ओळखली जाते. पुढच्या दातांना सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं औषध लावलं. एक थेंब, ना सुई ना मशीन. त्यानं कीड थांबते, पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं आहे. हे मी हिला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, यादीत असू दे, पोराचा फोटो कसा काढायचा? नातवाला मात्र चांदीची दाढ मिळाल्याचा इतका अभिमान की येणाऱ्याजाणाऱ्याला तो जबडा वासून दाखवत असे.

बाटली सोडवणं हे खरं युद्ध. दुधातली साखर आठ दिवसांत चमच्याचमच्यानं कमी केली, मग रात्रीच्या बाटलीत रोज थोडं पाणी वाढवत नेलं. बाराव्या रात्री नुसतं पाणी राहिलं आणि त्यानं बाटली भिंतीवर फेकली. चार रात्री घरात कोणी झोपलं नाही. तिसऱ्या रात्री ही स्वयंपाकघरात दूध गरम करायला उठली. सूनबाई दारात उभी राहिली. दोघी एकमेकींकडे बघत होत्या, आत पोर टाहो फोडत होतं. मी वही घेऊन मध्ये गेलो आणि म्हणालो, "दिलंस तर तुझ्या नावावर लिहीन." आमच्या ४१ वर्षांच्या संसारात ही माझ्यावर इतकी कधी चिडली नसेल. पण गॅस बंद केला. पाचव्या रात्री तो पाणी पिऊन झोपला.

शेजारच्या काकूंना सांगणं मला जमलं नाही. ते सूनबाईनंच केलं. त्यांच्या हातात चॉकलेटऐवजी चित्रांच्या चिकटपट्ट्या देऊन आली, "काकू, तुमच्याकडून हे दिलेलं त्याला आवडेल." मला हे सुचलं नसतं.

आता पानावर दिवसाला पाच नोंदी असतात. तीन जेवणं, दोन खाऊ. गोड असलं तर जेवणाबरोबरच. रस बंद, तहानेला पाणी. रात्रीचा ब्रश बाबाकडे, सकाळचा माझ्याकडे. दर महिन्याला एकदा मी खिडकीपाशी त्याचा ओठ वर करून हिरडीची कड बघतो, चष्मा डोळ्यांवर ठेवून.

परवा दुपारी घरात सामसूम होती. चार चाळीसची माझी जुनी वेळ. मी स्वयंपाकघरात गेलो, वरचा डबा काढला, एक बिस्किट तोंडात टाकलं. मागे वळलो तर नातू उभा. काही बोलला नाही. आत गेला, माझी वही आणि पेन्सिल घेऊन आला आणि जमिनीवर बसला.

"आबा, वेळ सांगा," म्हणाला.